उलट्या बाजूची बटणं

४ नोव्हेंबर
निवासी शाळा, मुलींचा विभाग

आत्या,

नमस्कार. आधीच सांगते, हे शंकापत्र आहे. सहीच्या आधी प्रत्येकीनं घरी एक शंकापत्र लिहायचं, मनात काय भलतंसलतं असेल ते विचारून घ्यायचं आणि घरून उत्तर आलं की विषय संपला, असा नियम गृहमातांनी फळ्यावर लिहून दिलाय. वीस जानेवारीला आमच्या वर्गाची कुटुंबपत्रकावर सही. आपल्या घरात कोण आहे आणि कोण होतं, ते त्यात मंडळानं छापलेलं असतं. सही झाली की त्यात नसलेलं माणूस आपल्याला कधी नव्हतंच. "आठवण म्हणजे दाढेतली कीड, वेळेवर काढलेली बरी," असं गृहमाता म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या चार दाढा नाहीत, म्हणून मी जास्त बोलत नाही.

माझ्या पत्रकात छापलंय: आई, मयत. बाबा, मयत. आत्या, शिलाई कारखान्यात. मुलं, एक.

आत्या, आम्ही दोन होतो. मला दादा होता ना? चेहरा आठवत नाही, नाव तर नाहीच. एवढंच आठवतं की मी कुणाच्या तरी खांद्यावर बसलेली असायचे आणि सारखी डावीकडे घसरायचे, म्हणून त्याचा कान घट्ट धरून ठेवायचे. मुली म्हणतात, तुला स्वप्न पडलं असेल. स्वप्नात कान इतका गरम लागतो का?

दुसरी शंका कोटाची. इथं सगळे कपडे मंडळाच्या तीन मापांतले. माझ्या शेजारच्या पलंगावरची मुलगी, तिला आम्ही लांबी म्हणतो, ती तर मोठ्या मापातूनही वीतभर बाहेर येते. कोट तेवढे घरचे चालतात, कारण मंडळाकडे गरम कापड नाही. तू दिलेला कोट मला अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो, पण त्याची बटणं उलट्या बाजूला आहेत. लांबी म्हणते, हा मुलग्याचा कोट आहे. खरं का?

उत्तर लवकर पाठव.

तुझी,
बटण

---

१५ नोव्हेंबर
शिलाई कारखाना

चि. बटण,

शंकापत्र मिळालं. उत्तर देणं बंधनकारक आहे म्हणून देते.

तुला भाऊ नव्हता. घरात मूल एकच, ते म्हणजे तू. खांद्यावर तुला तुझे बाबा घेत असत. लहान मुलांच्या डोक्यात काहीबाही राहतं, वय वाढलं की जातं.

कोटाची बटणं उलट्या बाजूला झाली ती माझी चूक. घाईत शिवला होता.

अभ्यास कर, वेळेवर जेव आणि सही कर. सही न करणाऱ्या मुली त्याच वर्गात आणखी वर्षभर बसतात आणि सुट्टीला घरी येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मी इथं एकटी असते हेही ठाऊक आहे.

तुझी आत्या

---

२८ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. वर नेहमीसारखा "तपासले, पत्रवाचक सात" असा शिक्का होता. आत मात्र तू कुठंच नव्हतीस. एक टोमणा नाही, माझ्या अक्षराला नाक मुरडलेलं नाही, "गाढवे" सुद्धा नाही. मी पत्र दोनदा उलटून बघितलं, म्हटलं मागच्या बाजूला तरी बसली असशील.

आणि तू म्हणतेस, माझी चूक. तू आणि काज चुकवणार? शेजारच्या काकांच्या सदऱ्याचं एक काज जरासं तिरकं झालं, तर तू अख्खी पट्टी उसवलीस. काका बिचारे तासभर उघड्या अंगानं खुर्चीत बसून शिंकत होते. तू डोळे मिटूनही बटणपट्टीची बाजू चुकणार नाहीस. एका कोटाला सहाच्या सहा बटणं चुकीच्या बाजूला लावलीस आणि तुझ्या लक्षात आलं नाही, हे तू दुसऱ्या कुणाला तरी सांग.

म्हणून मला कळलं की तुझं उत्तर खोटं आहे. मला तुझा राग आलाय, फार आलाय, आणि तू का खोटं बोललीस तेही थोडंसं कळतंय, त्यामुळे राग नीट काढताही येत नाहीये.

एक गोष्ट मी ठरवली आहे. खरं काय ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. वर्षभर त्याच बाकावर बसावं लागलं तरी बसेन. तू सांगितलंस तर बरं, नाहीतर माझं मी शोधीन. तूच म्हणतेस ना, बटणएवढी आहे पण शर्ट धरून ठेवते.

बटण

---

१२ डिसेंबर

गाढवे,

अक्षर सुधार. कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालल्यासारखं झालंय.

थंडी वाढली. तुझे हात लांब झाले असतील आणि कोटाची बाही मनगटाच्या वर गेली असेल. मंडळ काही वाढवून देणार नाही, तेव्हा तूच वाढव. गृहमातांकडे सुई-कात्री माग, शिवणकामाला त्या नाही म्हणत नाहीत. डाव्या बाहीचं अस्तर मनगटापाशी उसव. आत जास्तीचं कापड दुमडलेलं असतं. पोर वाढलं की आपण ते थोडं थोडं सोडतो. जिथं जिथं आधी घडी होती तिथं रेघ राहते आणि सुईची भोकंही राहतात. कितीही इस्त्री फिरव, जात नाहीत. तीस वर्षं बघतेय मी.

तुझी बाही मी तीनदा वाढवली. नवव्या वर्षी, अकराव्या आणि आता तेराव्या. रेघा मोज. मग डाव्या खांद्याचं अस्तर थोडं उसवून तिथंही बघ. काय दिसलं ते कळव, म्हणजे टाका कुठं घालायचा ते सांगते.

तुमच्या वर्गाची बेचाळीस पांघरुणं दर हिवाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीला येतात. यंदा ते काम मी मागून घेतलंय. साहेबांनी विचारलं, एकटीला झेपेल का? म्हटलं, बघाच.

आत्या

---

२२ डिसेंबर

आत्या,

दुपारच्या विश्रांतीत खिडकीपाशी बसून उसवलं. लांबीनं बाही ताणून धरली.

पाच रेघा आहेत. तीन माझ्या. दोन माझ्या आधीच्या, त्यांची भोकं मोठी आहेत आणि तिथलं कापड पांढरट पडलंय. डाव्या खांद्यात अस्तराच्या आत चौकोनी शिवण होती. तिथं पूर्वी काहीतरी बसवलेलं होतं आणि नंतर काढलं. कापसाचे दोन-तीन धागे अजून अडकलेत. उजव्या खांद्यात तसं काही नाही. माझे दोन्ही खांदे सारखे आहेत, लांबीनं पट्टी लावून बघितले.

म्हणजे हा कोट माझ्या आधी कुणीतरी वाढत वाढत घातला होता, आणि त्याचा डावा खांदा खाली होता. म्हणून मी डावीकडे घसरायचे.

मी रडले. लांबी म्हणाली, रडून घे, पण अस्तरावर नको, डाग पडतील. नंतर तिनं स्वतःचा कोट उसवला. त्यात सात रेघा निघाल्या, तिनं त्या तीनदा मोजल्या. आता आमच्या खोलीतल्या सगळ्यांना एकदमच बाह्या वाढवायच्या आहेत. गृहमाता खूश आहेत, म्हणतात मुलींना घरकामाची गोडी लागली.

टाका कुठं घालायचा ते सांग. पांघरुणं गेली, आम्ही तोवर कोट घालून झोपतोय.

बटण

---

८ जानेवारी

माझ्या बटणा,

पुरे झालं. आता सरळ लिहिते. पत्रवाचक सात, तुम्हीही वाचा, अक्षर मुद्दाम मोठं काढतेय.

तुला दादा होता. तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो माझ्याबरोबर कारखान्यात यायचा. रोज सकाळी हजेरी संपली की साहेब विचारतात, कुणाला काही शंका? कुणी काही विचारायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. एक दिवस हा उभा राहिला आणि म्हणाला, "शेजारच्या काकू तीन दिवस आल्या नाहीत आणि यादीत त्यांचं नावही नाही. त्या कुठं गेल्या?" एवढंच. दुसऱ्या सकाळी साहेबांनी यादी वाचली. त्याचं नाव यायच्या जागी पुढचं नाव आलं. ते माझं होतं. मी "हजर" म्हणाले.

सात वर्षं झाली. तो "हजर" माझ्या घशात अडकून बसलाय. तुझ्या शंकापत्राला उत्तर लिहिताना मी दुसऱ्यांदा तेच केलं. भीती वाटली गं. तुलाही नेतील म्हणून वाटली, आणि मी एकटी पडेन म्हणूनही वाटली. सुट्टीला घरी येशील असं आमिष दाखवलं, ते मी मागे घेते. सही करायची की नाही ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी तू माझीच.

आता टाक्याचं. आजोबांपासूनची आपली मापवही तुला आठवत असेल. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर तिच्यात आहे. तीन मापांचा नियम आला तेव्हा मंडळानं शिंप्यांच्या वह्या मागवल्या. मी म्हटलं, उंदरांनी खाल्ली. पानं चौऱ्याऐंशी आहेत आणि पांघरुणं बेचाळीस. उद्या गाडी तुमच्याकडे निघेल. पांघरुणाचा पायाकडचा कोपरा कडक लागला तर कुरकुर करू नका, उसवा. तुझ्या पांघरुणाला लाल दोरा आहे. दादाचं नाव पानाच्या मागे आहे. ते मी इथं लिहीत नाही, तू एकदा मोठ्यानं वाच.

आत्या

---

२१ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र जसंच्या तसं पोचलं. एकही ओळ खोडलेली नव्हती. आम्हाला वाटलं, पत्रवाचक आजारी असतील.

काल सही झाली. म्हणजे माझी झाली नाही. नीट सांगते.

सभागृहात मंडळाचे अधिकारी टेबलापाशी बसले होते. माझा नंबर आला तशी मी म्हणाले, "यात चूक आहे. मुलं दोन होती."

ते म्हणाले, "शंकापत्राचं उत्तर आलं होतं ना?"

"आलं होतं. ते खोटं होतं. हे खरं आहे." मी पान काढलं आणि वाचलं. "आपला थोरला. वय बारा. उंची सत्तावन्न, छाती सत्तावीस, बाही एकवीस. डावा खांदा अर्धं बोट खाली. शेरा: धाकटीला दिवसभर त्याच खांद्यावर घेऊन हिंडतो, सांगून ऐकत नाही. डावीकडे कापसाची गादी घालणे."

अधिकारी हसले. "एका कागदानं माणूस होत नसतो, मुली."

मी म्हटलं, "मग एका कागदानं जातो कसा?"

ते हसायचे थांबले. मग मी पान उलटं करून दादाचं नाव वाचलं. खणखणीत वाचलं, शेवटच्या बाकापर्यंत. सात वर्षांत पहिल्यांदा ते नाव चारचौघांत घेतलं गेलं असेल. मला वाटलं होतं की रडू येईल, पण मी आणखी ताठ उभी राहिले.

माझ्यामागं लांबी उठली. तिचा कोट तिच्या आधी दोन मावश्यांनी घातला होता, दोघींची पानं तिनं वाचली. मग आणखी काहीजणी. आम्ही एकोणीस जणींनी सही केली नाही. तेवीस जणींनी केली. मला त्यांचा राग नाही. त्यातल्या दोघींनी सही करून खाली बसताना आपापली पानं गुपचूप माझ्या हातात कोंबली.

शिक्षा ठरल्याप्रमाणे झाली. हाच वर्ग पुन्हा, आणि वर्षभर घरी नाही. पत्रं मात्र बंद केलेली नाहीत, आमच्या मनात काय चाललंय ते त्यांना तिथूनच तर कळतं. पानं गृहमातांनी मागितली तेव्हा आम्ही सांगितलं, उंदरांनी खाल्ली.

घरी येता येणार नाही याचं वाईट वाटतं. तू एकटी जेवत असशील हे आठवलं की घास उतरत नाही. पण मी बरोबर केलं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच करीन. तुझं लवकर लिही. शिव्या घालून लिही.

तुझी,
बटण

---

९ फेब्रुवारी

आत्या,

माझं २१ तारखेचं पत्र काल परत आलं. वर शिक्का आहे, "या पत्त्यावर अशी व्यक्ती नव्हती."

तुला नेलं. पत्रकात आता तूही नसशील. लांबी म्हणाली, पत्र लिहून काय उपयोग, ते परत येणार. मी म्हटलं, येऊ दे. परत आलेलं पत्रही यासोबत पुन्हा पाठवतेय. मी दर आठवड्याला लिहीन आणि ते दर आठवड्याला शिक्का मारतील. बघू कुणाचा हात आधी दुखतो.

सही केलेल्या बाकीच्यांनीही एकेक करून आपली पानं आणून दिली. आम्ही एकोणीस जणींनी चौऱ्याऐंशी पानं आपसात वाटून घेतली आहेत. रोज सकाळी दात घासताना म्हणतो, आता जवळजवळ पाठ झालीत. कागद सापडले तरी हरकत नाही.

पण वहीत तुझंच पान नाही. तू सगळ्या गावाची मापं घेतलीस, तुझं घ्यायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून मी नवीन पान घातलंय. उंची, माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. दोन्ही खांदे पुढे झुकलेले, मशीनवर बसून. उजव्या तर्जनीच्या टोकाला घट्टा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शेरा: खोटं बोलते तेव्हा टोमणा मारत नाही. नाव मागे लिहिलंय.

आता दोन ओळी पत्रवाचक सात यांच्यासाठी. आत्याच्या पत्रातली एकही ओळ तुम्ही खोडली नाहीत. का, ते मला माहीत नाही, पण आभार मानते. वहीत गावातलं बहुतेक प्रत्येक घर आहे. तुमचंही असेल. कुणाचं पान बघायचं असेल तर सांगा.

बटण

---

१७ फेब्रुवारी

चि. बटण हिस,

मी पत्रवाचक सात. हे पत्र तपासायला कुणाकडे जाणार नाही, शिक्का माझ्याकडेच असतो. वाचून झालं की फाडून टाका.

सुई-दोऱ्यातलं मला काही कळणार नाही असं तुमच्या आत्याबाईंना वाटलं असावं. माझी आई घरी शिवायची. बारा डिसेंबरचं पत्र मी पहिल्या वाचनातच समजलो. सकाळी घरीच ते खोडायला पेन्सिल उचलली, तेवढ्यात माझा मुलगा शाळेला निघाला. त्याच्या अंगात माझा लहानपणचा कोट होता. त्याची बटणं उलट्या बाजूला आहेत. इतकी वर्षं मी ती शिंप्याची चूक समजत होतो.

त्या रविवारी मी बाही उसवली. मुलाच्या आणि माझ्या रेघा सोडून आणखी एक निघाली. मी मुलगा, आणि बटणं मुलींच्या बाजूला आहेत. माझ्या आधी तो कोट कुणीतरी मुलीनं घातला होता. माझ्या पत्रकावर "मुलं, एक" असं आहे. चौदाव्या वर्षी मी त्यावर सही केली होती, आणि शंकापत्रात विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माझी पाटी त्याआधीच कोरी झाली होती.

आमचं घर पाणटाकीसमोर होतं. कोट तुमच्या आजोबांच्या दुकानातला. वहीत काही आहे का?

तुमच्या आत्या माळावरच्या धुलाईघरात आहेत. प्रकृती बरी आहे, मुकादमांशी भांडतात. तुमची दोन्ही पत्रं परवा धुण्याच्या गाठोड्यातून त्यांच्याकडे जातील. पुढचीही जातील. परतीचा शिक्का माझ्याकडून हरवला आहे.

---

२४ फेब्रुवारी

पत्रवाचक काका,

नमस्कार. आत्या भांडतेय हे वाचून मी दोन वेळचं एकदम जेवले.

तुमचं पान सापडलं. ते लांबीच्या वाट्याला होतं, तिनं दात घासता घासता ऐकवलं. अक्षर आजोबांचं आहे. जसंच्या तसं उतरवते:

"पाणटाकीसमोरच्या घरातली थोरली. वय दहा. उंची चोपन्न, छाती सव्वीस, बाही वीस. शेरा: एका जागी उभी राहत नाही, सारखी हसते. माप दोनदा घ्यावं लागलं. आत कापड जास्त ठेवणे, कोट पुढे धाकट्या भावाला द्यायचा आहे. भावाला कडेवर घेऊनच आली होती."

पान या पत्रासोबत पाठवतेय. ते आम्हाला पाठ आहे, तेव्हा तुमच्याकडेच राहू दे. नाव मागच्या बाजूला आहे. मोठ्यानं वाचा, तुमच्या मुलाला ऐकू जाईल असं.

बटण